दादाची फियाट

२०२४ ची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. हरभऱ्याच्या पेरणीसाठी वापसा बघत बांधावर उभा होतो, तेवढ्यात गोवंडीहून पुतण्याचा फोन आला.

“नाना, गाडीच्या काचेवर नोटीस चिकटवलीय. बेवारस वाहन म्हणून. आता हलवली नाही तर उचलून नेतील.”

बेवारस हा शब्द कानात बसला. गाडी थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या दादाची. दादा २०२३ च्या श्रावणात गेला. पण वहिनी आहेत, पुतण्या आहे, मी आहे. एवढे वारस असताना गाडी बेवारस झाली कशी? खरं सांगायचं तर सव्वा वर्षात कुणी तिला हात लावला नव्हता. पुतण्या म्हणायचा नाना ठरवतील, वहिनी म्हणायच्या पोरगं ठरवील, आणि मी इथं उसाला पाणी देत बसलो होतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. कागदावर पद्मिनी, पण दादा शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणायचा. त्याला कारण होतं. तो कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात १९६८ साली लागला, तेव्हा तिथं निघणारी गाडी फियाटच होती. नंतर इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपला, नाव बदललं, १९७४ पासून ती पद्मिनी झाली. “नाव बदललं म्हणून गाडी बदलती व्हय? इंजिन तेच, एक हजार एकोणनव्वद सीसीचं,” असं दादा म्हणायचा.

आमच्या वस्तीवरचा माणूस कुर्ल्याच्या मोटारींच्या कारखान्यात कसा गेला, तेही सांगतो. आमची वस्ती वालचंदनगरपासून चार-पाच किलोमीटरवर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि कुसळं उगवणाऱ्या माळावर ऊस झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या त्या माळावर साखर कारखाना उभा केला. त्याच वालचंदांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला कुर्ला म्हणजे फार परका मुलूख वाटायचा नाही. ऊस लावणारा आणि मोटारीचं दार बसवणारा, दोघंही एकाच शेठच्या घरचे, असं म्हातारी माणसं समजायची. दादा सातवी शिकून शेतात राबत होता. ओळखीच्या एकानं नेलं आणि तो तिकडं चिकटला.

मी गोवंडी पहिल्यांदा बघितली १९७५ च्या मे महिन्यात. नव्या पद्धतीच्या दहावीची आमची पहिलीच बॅच. परीक्षा देऊन मी दादाकडं गेलो. कुर्ल्याहून हार्बरच्या गाडीनं तिसरं स्टेशन. तेव्हा दादाची बैठी चाळ होती, पत्र्याची. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास घरात यायचा. मला पहिल्या रात्री जेवण गेलं नाही. दादा हसला. म्हणाला, “चार दिवस थांब, मग वासच येत न्हाई.” मी चौथ्या दिवशी गावाकडं पळालो. दादा मात्र तिथंच राहिला. पुढं चाळ गेली, पुनर्वसनाची इमारत झाली, दादा पाचव्या मजल्यावर गेला.

आता मुख्य गोष्टीवर येतो. ती सांगितल्याशिवाय गाडीचा पेच कळायचा नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन तीन एकर. म्हणजे दोघा भावांना दीड-दीड. १९९१ साली वडिलांनी दोघांना समोर बसवलं. दादा म्हणाला, “मी काय आता नांगर धरायला येत न्हाई. माझ्या वाटणीची जमीन ह्याच्या नावावर करा.” त्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. मी त्याला तीस हजार रुपये दिले. एक बैलजोडी विकली आणि राहिलेलं सोसायटीचं कर्ज काढलं. दादानं त्यात फंडातून उचललेले बारा हजार घातले आणि चेंबूरच्या एका डॉक्टरांची सात वर्षं वापरलेली ही फियाट घेतली.

गावात बोभाटा झाला. कुणी म्हणालं, जमीन विकून मोटार घेतली. कुणी म्हणालं, बापाचं रान पेट्रोलमध्ये घातलं. मीही चारचौघांत मान हलवली. आज लिहिताना लाज वाटते, पण मनातून मी खूश होतो. कालव्याच्या पाण्याखालची दीड एकर काळी जमीन तीस हजारांत कुठं मिळती? भावात भाव म्हणून मिळाली. त्या जमिनीवर मी दोन मुली उजवल्या, पोराला शिकवलं, विहीर पाडली. आज तिची किंमत विचारली तर आकडा सांगायला जीभ रेटत नाही. आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरत गेली. दोघांनी एकाच दिवशी सौदा केला. माझं वाढत गेलं, त्याचं गंजत गेलं.

पण ती गाडी नुसती मिरवायला घेतली नव्हती, हे मला तीन वर्षांनी कळलं. १९९४ साली वडिलांच्या घशाला गाठ आली. तंबाखूचं व्यसन होतं. परळच्या टाटा हॉस्पिटलात शेक घ्यायला सांगितलं, ते पस्तीस दिवस. मी चार दिवस राहिलो आणि आडसाली उसाची भरणी आहे म्हणून परत आलो. दादा रोज पहाटे साडेपाचला गाडीचा चोक ओढून इंजिन तापवायचा, वडिलांना पुढच्या सीटवर उशी देऊन बसवायचा आणि परळला न्यायचा. परत आणून सोडायचा आणि दुसऱ्या पाळीला कामावर जायचा. लोकलच्या गर्दीत वडिलांना चार दिवससुद्धा नेणं झालं नसतं. वडील पुढच्या वर्षी गेले, पण जाताना मला म्हणाले, “मोटारीनं माझी आबदा झाली न्हाई.”

त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतलं कुणी टाटाला, केईएमला निघालं की आधी गोवंडीचा पत्ता विचारायचं. दादाचं घर म्हणजे धर्मशाळा आणि फियाट म्हणजे रुग्णवाहिका झाली. पुढची सीट सलग लांब, गिअर स्टेअरिंगच्या बगलेला, त्यामुळं पुढं तिघं बसायचे आणि मागं चौघं. बकरी ईदच्या आधी आमच्याकडची माणसं देवनारच्या बाजारात बोकडं घेऊन जायची, तीही मुक्कामाला दादाकडंच. बोकड तेवढं त्यानं कधी गाडीत घेतलं नाही, बाकी सगळं घेतलं.

वर्षातून दोनदा ही गाडी गावाकडं यायची. पनवेल, खंडाळ्याचा घाट, पुणे, पाटस, बारामती करत. उन्हाळ्यात घाटात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडायची. मग दादा त्या पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि विडी ओढत दगडावर बसायचा. वहिनी पाण्याची कळशी बरोबर ठेवायच्या ती माणसांसाठी नव्हे, गाडीसाठी. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू. वस्तीवर आली की पोरं टपावर चढायची. दादा कधी ओरडला नाही. दाराला हात लावून म्हणायचा, “हे दार मीच बसवलेलं असंल. लाइनीवर त्या साली दारंच बसवत होतो.” ते खरं की खोटं, कोण तपासणार?

२६ जुलै २००५ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात राहिली. दादानं ती महिनाभर उघडून वाळवली. सीटा गच्चीवर नेल्या. २०१६ साली कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तेव्हा टपावर राखेचा थर बसला, तोही त्यानं रोज पुसला. कारखान्यात ही गाडी निघायची केव्हाच बंद झाली होती. पण दादा नोकरीतून मोकळा झाला तरी गाडीतून मोकळा झाला नाही. तो गेला त्याच साली ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या उतरल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, ती संपली. टीव्हीवर ते दाखवत होते तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

तर अशी गाडी, आणि तिच्यावर बेवारसाची नोटीस. मी मागल्या उसाच्या बिलातले दीड लाख रुपये बाजूला काढले आणि रात्रीच्या एसटीनं निघालो. वाटेत मनाशी ठरवलंच होतं. गाडी दुरुस्त करायची. नवी करून दादाच्या पहिल्या वर्षश्राद्धाला जे झालं नाही ते करायचं, गावाकडं आणायची.

सकाळी गाडीपुढं उभा राहिलो. चारी चाकं बसलेली, बोनेटवर कबुतरांची घाण, आत डॅशबोर्डवर वहिनींनी बसवलेला गणपती तसाच. पुतण्यानं मिस्त्रीला बोलावलं होतं. सत्तरीचे चाचा, गोवंडीतच टपरीएवढं गॅरेज. दादाची गाडी तेच बघायचे, पुरानंतर त्यांनीच दादाबरोबर ती वाळवली होती. त्यांनी आधी इंजिन बघितलं नाही. गाडीखाली पुठ्ठा टाकून आडवे झाले आणि स्क्रू ड्रायव्हरनं खालचा पत्रा टोचत गेले. दोन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला.

बाहेर येऊन म्हणाले, “इंजिन का डर नहीं. बोअर करू, पिस्टन-रिंगा टाकू, पळेल. पण तळ गेला. वेल्डिंगला धरायला पत्राच राहिला नाही. अख्खा तळ नवा करावा लागेल.”

मी खर्च विचारला. त्यांनी बोटं मोजत सांगितला. इंजिनाचे पंचेचाळीस हजार, पत्राकामाचे चाळीस, रंगाचे पंचवीस. टायर, बॅटरी, वायरिंग वेगळं. पुतण्यानं पुढं कागदांचं सांगितलं. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची. ती फी पूर्वी सहाशे होती, २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली. शिवाय पर्यावरण कर, तपासणी आणि उशिराचा दंड. दादाच्या आजारपणात मुदत टळून गेली होती.

“आणि अजून एक,” चाचा म्हणाले, “आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय. वीस टक्क्यांकडं निघालंय. ह्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वायसर त्याच्यासाठी बनलेलेच नाहीत. फुगतात, गळतात. नवे टाकू, पण लक्ष ठेवावं लागेल.”

मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. इथेनॉल म्हणजे आमच्याच उसाचं. दादाच्या सोडलेल्या रानातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं, आणि ते त्याच्याच गाडीची नळी खातं.

पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. अधिकृत भंगार केंद्रात गाडी द्यायची, तिथला दाखला मिळाला की नव्या गाडीच्या करात थोडी सूट मिळते. त्यात आपली भर घालून एक लहान सीएनजी गाडी घ्यायची. त्याला मी चिडून म्हणालो, “तुला बापाची आठवण नको झालीय.” तो काही बोलला नाही. खाली मान घालून काचेवरची नोटीस नखानं खरवडत राहिला. त्याचेही डोळे भरले होते, ते मला नंतर वहिनींनी सांगितलं.

आम्हा शेतकऱ्यांचा दुरुस्तीचा एक नियम असतो. विहिरीवरची मोटर जळली की एकदा भरून आणायची, दुसऱ्यांदाही भरायची, तिसऱ्यांदा नवी घ्यायची. तिसऱ्यांदा भरलेली मोटर ऐन पाण्याच्या पाळीत दगा देते आणि ऊस वाळतो. हा नियम मी गावात दहा जणांना सांगितलाय. पण वडिलांचा दुसराही नियम होता. जन्मभर राबलेला बैल त्यांनी कधी बाजारात नेला नाही. म्हातारा झाला तरी दावणीला ठेवून वैरण घातली. मी रात्रभर त्या दोन नियमांत फिरत राहिलो. फियाट ही मोटर का बैल?

झोप येईना म्हणून उठून खिडकीपाशी बसलो. वहिनीही जाग्याच होत्या. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, “वहिनी, दीड लाख आणलेत. गाडी दुरुस्तच करतो. लागले तर अजून घालीन.”

त्या म्हणाल्या, “आणि चालवणार कोण? तुम्हाला येत न्हाई. पोरगं सकाळी सातला कामावर जातं. मला महिन्यातनं दोनदा डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं असतं, तिथं रिक्षानंच जाते मी. गाडी दुरुस्त झाली तरी रिक्षानंच जाणार.”

“मग गावाकडं नेतो. वस्तीवर ठेवतो.”

“कशाला? कोंबड्या बसवायला?” वहिनी हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “भावजी, ह्यांनी गाडी घेतली ती माणसं न्यायला. बघत बसायला न्हाई. जी माणसं नेत न्हाई ती ह्यांची गाडीच न्हवं.”

मी गप्प बसलो. मग पोटातलं बाहेर आलं. म्हणालो, “वहिनी, त्या दीड एकराचं माझ्या मनाला लागलंय. दादानं मला रान दिलं आणि त्याच्या हाती हे भंगार राहिलं. निदान तेवढं तरी नीट करू द्या.”

वहिनींनी कप खाली ठेवला. “तेच म्हणते मी. जमिनीचा हिशोब गाडीवर कशाला काढताय? जमिनीचा जमिनीवर काढा. ह्यांनी सही केली ती खुशीनं केली, मी साक्षीला होते. मला तुमचं काही नको. पण तुमच्या मनात देणं असंल तर ते देणं म्हणून द्या. मिस्त्रीला कशापायी देताय?”

तोवर मी समजत होतो की माझा जीव गाडीत अडकलाय. तसं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांचं ओझं दीड लाखात उतरवायची ती युक्ती होती. गाडी चकचकीत झाली असती, गावात लोक म्हणाले असते भावाची आठवण कशी जपलीय बघा, आणि मी स्वस्तात सुटलो असतो. वहिनी काही शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी दोन खाती वेगळी करून दाखवली.

सकाळी पुतण्याला जवळ बसवून मी रात्रीच्या शब्दाबद्दल माफी मागितली. भंगार केंद्रात फोन लावायला सांगितलं. दीड लाख त्याच्या हातात दिले, नव्या गाडीसाठी. आणि वहिनींना सांगितलं, दादाच्या दीड एकराचा खंड, गावात जो चालू भाव असेल त्या भावानं, दरवर्षी उसाचं बिल आलं की तुमच्या खात्यावर येईल. तुम्ही असेपर्यंत तुम्हाला, नंतर पोराला. ते मी कागदावर लिहून दिलं. माझ्या पोराचीही सही घेतली नंतर, म्हणजे माझ्या माघारी वाद नको.

चौथ्या दिवशी ट्रक आला. चाचांना कार्ब्युरेटर हवा होता, अजून दोन-तीन पद्मिनी त्यांच्याकडं येतात म्हणे. पण गाडी अख्खी दिली तरच दाखला मिळतो, म्हणून त्यांनीही हट्ट धरला नाही. वहिनी पाच मजले उतरून आल्या, गणपती काढून पदराआड घेतला, पुढच्या सीटवर दोन मिनिटं बसल्या आणि उतरल्या. पुतण्यानं फोटो काढले. मी डिकीतला जॅक आणि पाना तेवढा घेतला. ट्रॉलीचं चाक काढायला माझ्याकडं धड जॅक नव्हता. दारावरून एकदा हात फिरवला. दादानं बसवलेलं असो नसो, दार शेवटपर्यंत नीट लागत होतं.

गाडी उचलताना काहीजण रडतात, मला रडू आलं नाही. एसटीत बसल्यावर पनवेलच्या पुढं आलं.

मार्चमध्ये आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या बाईला टाटाला जावं लागलं. नवरा-बायको आणि सासू असे तिघंजण गोवंडीला उतरले. पुतण्यानं दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि पहाटे साडेपाचला नव्या गाडीनं त्यांना परळला नेलं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“नाना, पोचवलं. सगळं नीट झालं.” मग जरा थांबून म्हणाला, “पण ह्या गाडीत पुढं तिघं बसत नाहीत हो.”